अकराव्या पानावरचा बादशहा

आमच्या गावानं मुक्तिसंग्रामाच्या पन्नाशीला एक पुस्तिका काढली. चकचकीत कागद, वर तिरंगा, आत पुढाऱ्यांचे शुभसंदेश. तिच्या अकराव्या पानावर माझा फोटो आहे आणि खाली छापलं आहे: ‘रझाकारांचा हस्तक असलेल्या काचवाल्याच्या दुकानात त्यांच्या बादशहाची मोठी तसबीर होती. गुरुजींनी ती ओळखली. गावकऱ्यांनी ती चौकात जाळली आणि काचवाला पाकिस्तानात पळून गेला.’

यातलं चौकात जाळली एवढं खरं आहे. बाकी सगळं खोटं आहे आणि ते खोटं आहे हे गावात जिवंत असलेल्यांपैकी एका माणसाला पक्कं माहीत आहे. तो माणूस मी. या मजकुराबद्दल मला शाल आणि श्रीफळ मिळालं. ते घेताना मी हात जोडले, हसलो, आणि घरी येऊन नारळ फोडून खोबरंही खाल्लं. एवढा कोडगेपणा माझ्यात होता.

गावाचं नाव मी लिहीत नाही. औंढ्याहून हिंगोलीकडे जाताना लागणारं, आठवडी बाजाराचं गाव, एवढं पुरे. माणसांची नावंही लिहीत नाही. जे सहाजण त्या दिवशी पुढे होते ते सगळे आता मेले आहेत. त्यांची नावं दिली तर वाचणारा त्यांच्याकडे बघत बसेल आणि मी बाजूला राहीन.

काचवाले चाचा म्हणजे तसबिरींना चौकट करणारे. सगळं गाव त्यांना चाचाच म्हणायचं. त्यांचे वडील हिंगोलीच्या छावणीत सुतार होते. छावणी उठली, गोरे साहेब गेले, आणि हे कुटुंब आमच्या गावी येऊन बाजाराच्या रस्त्यावर दुकान टाकून बसलं. पंचक्रोशीतल्या प्रत्येक देवघरातली तसबीर चाचांच्या हातची होती. लग्न ठरलं की लोक नवी लक्ष्मी घेऊन यायचे, चाचा तिला काच बसवायचे, साडीच्या काठावर बारीक जर आणि टिकल्या चिकटवायचे. देवाची तसबीर असली की ते चपला बाहेर काढून, हात धुऊन बसायचे. ती जमिनीवर कधी टेकवायची नाही, फळीवर उभी करायची. आणि प्रत्येक तसबिरीच्या पाठीवर सरसानं एक चिठ्ठी डकवायची: कुणाची, कुठल्या गावची, काय काम सांगितलं. गिऱ्हाईक दोन वर्षांनी आलं तरी त्याची वस्तू त्याला मिळायची. न आलेल्यांचे देव वरच्या फळीवर रांगेनं बसलेले असायचे.

या सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, दरवाजाएवढं एक तैलचित्र होतं.

मी एकोणीसशे बेचाळीसच्या सुमाराला गावच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा ते पहिल्यांदा पाहिलं. उभा राजा. तपकिरी दाढी, खांद्यावरून घसरलेला लाल झगा, एक हात लांब तलवारीच्या मुठीवर. डोक्यावर सोन्याचा मुकुट आणि मुकुटाच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा क्रूस. रंगाला भेगा पडल्या होत्या. डोळे मात्र असे काढले होते की दुकानात कुठंही बसलं तरी तो आपल्याकडेच बघतो आहे असं वाटायचं. बाजाराच्या दिवशी बाया त्याच्याकडे बघून पदर सावरायच्या.

लोकांनी त्याला आपला करून टाकला होता. कुणी म्हणायचं खंडोबा आहे, कुणी म्हणायचं देवगिरीचा राजा आहे. चौकटीच्या खालच्या पट्टीला हळदकुंकू लागलेलं असायचं, कधी झेंडूचं फूल अडकवलेलं. दर शुक्रवारी चाचा ओलं फडकं घेऊन ते पुसायचे आणि बडबडायचे.

“अरे, किती डाव सांगू? ह्यो देव न्हाई. गिऱ्हाइकाचा माल हाय.”

एकदा शेजारच्या गावचे म्हातारे पाटील म्हणाले, “मंग तुमचं गिऱ्हाईक कवा येऊन राहिलं न्यायला?”

“आमच्या अब्बाजानला साहेब बोलला व्हता, आठ दिवसांत येतो.”

“किती वर्सं झाली?”

“चाळीस व्हत आली.”

“मंग आता येईल बघा, येताच असंल,” पाटील म्हणाले आणि सगळं दुकान हसलं. चाचाही हसले. पण चित्र त्यांनी विकलं नाही. हिंगोलीच्या एका साहूकारानं मागितलं, तरी दिलं नाही. चौकट दुरुस्त करायला आलेली वस्तू होती ती. चौकट तर वडलांनीच दुरुस्त करून ठेवली होती.

इंग्रजी वाचणारा म्हणून चाचांनी मला एकदा चित्राची पाठ दाखवली. आम्ही दोघांनी मिळून ते वळवलं, मागची पातळ लाकडी फळी काढली. कापडावर काळ्या शाईत लिहिलं होतं: राजाचं नाव, जे मला धड उच्चारता आलं नाही, त्याखाली ‘व्हिसिगॉथांचा राजा’, आणि ‘माद्रिदमधल्या चित्रावरून नक्कल’. साहेबाची मडम चित्रं काढायची, तिनंच तिकडे बसून ही नक्कल केली असं चाचांच्या वडलांनी ऐकलं होतं. खाली वडलांची उर्दूतली चिठ्ठी: कप्तान साहेब, छावणी, चौकट दुरुस्ती.

“कोणच्या मुलकाचा हाय, मास्तरसाब?”

“स्पेनचा. बाराशे-तेराशे वर्षांमागचा.”

“मुसलमान?”

“नाही, ख्रिस्ती. पुढं यांचं राज्य अरबांनी घेतलं.”

चाचांनी राजाकडे पाहिलं. मग खो खो हसले. “म्हंजे आमच्यावाल्यांनी ह्याला घालवला, आन ह्यो आमच्याच घरात येऊन राहिला. बसा महाराज, बसा. तुमची काय तकलीफ न्हाई आमाला.”

असा तो माणूस होता. पुस्तिका लिहिणाऱ्या पोरांनी त्याला पाहिलेलं नाही. मी पाहिलेलं आहे.

सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचे दिवस ज्यांनी काढले त्यांना रझाकार म्हणजे काय ते सांगायला नको. आमच्या गावापासून दोन कोसांवरची एक वाडी त्यांनी पेटवली. माणसं जोंधळ्याच्या रानात लपून वाचली, सगळी वाचली नाहीत. त्या काळात वाशीमकडून, निजामाच्या हद्दीपलीकडून, लढ्याची पत्रकं यायची. ती मी गावोगाव पोचवायचो. याबद्दल मला शाल मिळाली असती तर मी ती अंगावर घेतली असती. ती पत्रकं मी लपवायचो कुठं, हे कुणी विचारलं नाही.

राजाच्या पाठीमागे. कापड आणि मागची लाकडी फळी यांच्या मधल्या पोकळीत.

चाचांना मी विचारलं तेव्हा मला वाटलं ते नाही म्हणतील. ते हातातली काच कापत होते. मान वर न करता म्हणाले, “कागद तुमचे, चिठ्ठी डकवत न्हाई. पन तुमी सोडून दुसऱ्या कुनाला देनार न्हाई.” बस. सात-आठ महिने ते कागद त्यांच्या दुकानात येत-जात राहिले. सापडले असते तर त्यांच्याच धर्माच्या लोकांनी त्यांना गद्दार म्हणून उभं चिरलं असतं. हा तो ‘हस्तक’.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात एका सकाळी रझाकारांची टोळी दुकानात शिरली. मी तिथंच होतो, कागद घ्यायला आलो होतो. त्यांच्या जमादाराला आधी वरच्या फळीवरचे देव खटकले. मग तो चित्रापुढे उभा राहिला.

“ये कौन है? सर पे सलीब लगाको बैठा है. अंग्रेजां का बाप है क्या?”

चाचा म्हणाले, “गिराक का माल है, हुजूर.”

“कौन गिराक? फाडो इसको.”

एकानं संगीन पुढे केली. ती कापडातून गेली असती तर पाठीमागून पत्रकं खाली पडली असती. मी पुढे झालो. शाळेत उर्दूच शिकवत होतो, जीभ तयार होती. म्हणालो, “जनाब, ये अंदलुस के बादशाह हैं. और वो सलीब नहीं, ताज का फूल है.”

अंदलुस म्हणजे स्पेनच. पण ते नाव उच्चारलं की अरबांचं राज्य आठवतं, स्पेन म्हटलं की आठवत नाही. जमादारानं एकदम संगीन खाली करवली. चित्राला सलाम केला. दुसऱ्या दिवशी तो चार माणसं आणि एक गुलाबाचा हार घेऊन आला, आणि भर बाजाराच्या दिवशी, सगळ्या गावासमोर, ‘मास्तर पहचाने, हमारे बादशाह हैं’ म्हणत राजाच्या गळ्यात घालून गेला. ज्या बाया झेंडूचं फूल अडकवायच्या त्या रस्त्याच्या पलीकडून बघत होत्या. त्या दिवसापासून कुंकू बंद झालं.

जमादार पुन्हा आला आणि त्यानं नीट पाहिलं तर काय, म्हणून मीच चाचांना म्हणालो की क्रूसावर जर-टिकल्या चिकटवा. ते ऐकेनात. “गिऱ्हाइकाच्या मालाला हात कसा लावू?” मी हट्ट धरला. शेवटी त्यांनी सोनेरी टिकल्यांचं एक फूल करून क्रूसावर बसवलं. काम झाल्यावर हात पुसत म्हणाले, “हे बराबर न्हाई झालं, मास्तरसाब.”

मी त्या वेळी म्हणालो, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे, मग काढून टाकू.

सप्टेंबरात फौजा आल्या. निजाम शरण आला. चार दिवस गावात गूळ वाटला गेला. पाचव्या दिवशी जळालेल्या वाडीची माणसं गावात आली. त्यांच्या हातात काठ्या आणि कुऱ्हाडी होत्या. त्यांचा राग खोटा नव्हता. त्यांनी आपली माणसं जाळलेली पाहिली होती. पण ज्यांनी जाळली ते जमादार आणि त्याची टोळी केव्हाच पळून गेले होते. जे पळाले नव्हते ते समोर होते, आणि वाडीच्या माणसांना बाजाराच्या रस्त्यापर्यंत घेऊन आली ती आमच्या गावची माणसं. ज्यांच्या देवघरात चाचांच्या चौकटी होत्या ती.

दुपारची वेळ होती. मी शाळेतून येत होतो. चित्र चौकात आणून उभं केलं होतं आणि त्याच्या शेजारी चाचा उभे होते. त्यांची टोपी कुणीतरी काढली होती. मी त्यांना बिनटोपीचं कधी पाहिलं नव्हतं. डोकं सगळं पांढरं होतं.

“गुरुजी आले, गुरुजीला इचारा,” कुणीतरी ओरडलं.

चाचा मला बघून अक्षरशः सुटल्यासारखे झाले. म्हणाले, “मास्तरसाब, ते मागलं वाचून दावा ह्यायला. किरिस्ताव राजा हाय म्हनून सांगा. कागदाचंबी सांगा.”

“तू गप! गुरुजी, तुमी सांगा. ह्यो त्यांचा बादशहा हाय का न्हाई? तुमीच म्हनले व्हते ना रझाकारायला?”

हे विचारणारा माझ्या एका विद्यार्थ्याचा बाप होता. त्याच्या मागे पन्नास-साठ माणसं. मला काय करायचं होतं? चित्र वळवायचं, फळी ओढून काढायची, दोन ओळी वाचायच्या, वर टिकल्यांचं फूल नखानं खरवडायचं. पाच मिनिटांचं काम. आणि सांगायचं की या माणसानं तुमचे कागद सांभाळले. पण मग पुढचा प्रश्न आला असता: गुरुजी, तुमी रझाकारांशी त्यांच्या बोलीत गोड बोलत व्हते ते कशापायी? तुमी कोनाचे?

मी म्हणालो, “मी तेव्हा तसं म्हणालो होतो.”

या वाक्यात एक अक्षर खोटं नाही. पन्नास वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो आहे आणि पन्नास वर्षं मला त्याची किळस येते आहे. खोटं बोललो असतो तर निदान खोटारडा ठरलो असतो. मी खरं बोलून माणूस मारला.

चाचांनी मला शिव्या दिल्या नाहीत, अल्लाचं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघत राहिले, काम चुकलं की चौकटीच्या कोपऱ्याकडे बघायचे तसे.

चित्र तिथंच पेटवलं. तेलाचा रंग, भडकन पेटला. चाचांना सहाजण बाजारतळामागच्या पडक्या विहिरीकडे घेऊन गेले. मी घरी गेलो नाही, खोटं कशाला सांगू. मी शाळेच्या ओसरीवर उभा राहिलो. तिथून विहिरीचा काठ दिसतो. सहाजण परत आले. आठवड्याच्या आत गावानं ती विहीर दगडमातीनं बुजवली. पाणी खराब झालंय म्हणाले. त्या विहिरीत पाणी नव्हतंच, वीस वर्षं नव्हतं. माती टाकणाऱ्यांत सरकारी हुकमानं शाळेची मुलंही लावली असं कुणी म्हणेल तर तो खोटं बोलतो. मुलं मी लावली. मला आमच्या गावच्या पाटलांनी सांगितलं आणि मी वर्गच्या वर्ग नेला.

चाचांची बायको तेव्हा दोन मुलांना घेऊन शिरड शहापूरला भावाकडे होती, म्हणून वाचली. पंधरा दिवसांनी भावाला घेऊन आली. दुकानाच्या जागी काचांचा ढीग होता. ती थेट माझ्या दारात आली, कारण नवरा घरी माझंच नाव घ्यायचा.

“मास्तरसाब, हे कुठं गेले?”

मी म्हणालो, “हैदराबादकडे गेले असं ऐकलं.”

पुढं हैदराबादचं कराची झालं. ते मी केलं नाही, गावानं केलं. पण पाया मी घातला. त्या बाईनं पुन्हा निकाह केला नाही. गळ्यातली काळी पोत काढली नाही. तिच्या भावाच्या घरात तिला लोक ऐकवायचे की नवरा तिकडे दुसरी करून बसला असेल. तीस-पस्तीस वर्षं तिनं ते ऐकून घेतलं. एकदा तिनं शिरडच्या एका माणसाबरोबर निरोप पाठवला, मास्तरला काही कळलं का. मी सांगितलं, काही नाही. ती मेली तेव्हाही तिला माहीत नव्हतं की ती विधवा आहे.

निवृत्तीनंतर मी परभणीच्या ग्रंथालयात ते चित्र शोधलं. एका जाड कोशात सापडलं. तिकडच्या एका राणीनं गेल्या शतकात आपल्या आधीच्या सगळ्या राजांची चित्रं काढून घेतली होती. या राजाचा चेहरा कुठंच नोंदलेला नव्हता. चित्रकारानं मनानं काढला. म्हणजे तो चेहरा मुळात कुणाचाच नव्हता. खंडोबाचा नव्हता, अंदलुसच्या बादशहाचा नव्हता, त्या राजाचाही नव्हता. ते पान वाचून मी कोश एवढ्या जोरात मिटला की ग्रंथपाल उठून आला.

पुस्तिका निघाली तेव्हा मी संपादकाकडे गेलो. तरुण मुलगा, माझ्याच विद्यार्थ्याचा मुलगा.

“हे पान बदला,” मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, “गुरुजी, तुमचं वय झालं. आता काहून उकरून राहिले? त्या विहिरीवर ग्रामपंचायतीचे गाळे हायेत.”

“गाळे आहेत म्हणून काय झालं?”

“दोन गाळे आमचे हायेत, गुरुजी.”

मी त्याच्यावर ओरडलो. त्याच्या बायकोनं चहा आणला, मी तो तसाच ठेवून निघालो. पण ओरडण्याचा मला काय अधिकार? त्यानं जे केलं ते मी त्याच्या बापाला शिकवलं होतं.

चाचांचा धाकटा मुलगा वारंगा फाट्यावर ट्रकच्या काचा बसवतो. माझ्या वयाला झेपत नव्हतं तरी एसटीनं गेलो. तोही आता साठीकडे झुकला आहे. त्याला मी नाव सांगितलं तेव्हा त्यानं खुर्ची दिली, पोराला पाणी आणायला सांगितलं. आईनं माझं नाव घरात चांगलंच घेतलं होतं. 

मी सगळं सांगितलं. चित्र, कागद, माझं वाक्य, विहीर.  बाहेर एक ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, त्याच्याकडे चाचांच्या मुलानं नुसता हात केला. शेवटी म्हणाला, “आमच्या भावानं अब्बाच्या नावानं शिव्या देऊन देऊन जिंदगी काढली. आमाला टाकून गेला म्हनून. त्यो गेल्या साली मेला.”

मी मान खाली घातली.

“मान काहून खाली घालता? लिहून द्या. मराठीत द्या, कोर्टात चालंल असं. सही करून.”

मी घरी येऊन लिहिलं. जे वर आहे तेच, थोडक्यात, चार पानांत. पुन्हा एसटीनं गेलो. त्यानं चष्मा लावून, ओळीखाली बोट ठेवून, सगळं वाचलं. तिसऱ्या पानावर बोट थांबलं. मी लिहिलं होतं: ‘तेव्हा मी भीतीपोटी म्हणालो.’

“हे ‘भीतीपोटी’ काढा,” तो म्हणाला. “भीती अब्बाला व्हती. तरी त्यायनं तुमचे कागद ठेवले.”

त्याच्या टेबलावरचा पेन घेऊन मी तो शब्द खोडला आणि शेजारी सही केली.